गंभीर आजारी मुलाच्या राउंडमध्ये आई-वडिलांचा सहभाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मुलाचा आजार हाताबाहेर जाऊ लागला की बहुतेक घरांची वाट बांबोळीकडे वळते. सत्तरी-पेडण्याच्या गावांतून, म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांतून, तसेच सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीहूनही मुले तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आणली जातात. काही पालक खासगी रुग्णालयांत जातात. रुग्णालय कोणतेही असो, सकाळचा राउंड, म्हणजे डॉक्टरांची वॉर्डातील फेरी, चुकत नाही. त्या वेळी पालकांनी कुठे असावे, काय बोलावे आणि काय विचारावे, याविषयी सतत विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत. प्रत्येक विभागाचे नियम वेगळे असतात, म्हणून येथील माहिती वाचून झाल्यावर आपल्या वॉर्डातील रीत सिस्टरांकडून समजून घ्यावी.

राउंडच्या वेळी नेमके काय चालते?

वरिष्ठ डॉक्टर, निवासी डॉक्टर, इंटर्न आणि सिस्टर असा चमू खाटेजवळ येतो. रात्रपाळी केलेला निवासी डॉक्टर हकीकत सांगतो: वय, वजन, आजाराचा कितवा दिवस, रात्रीत काय घडले, तपासण्यांचे आकडे काय आले, सलाइन आणि दूध मिळून किती द्रव शरीरात गेले आणि लघवी किती झाली. मग वरिष्ठ डॉक्टर मुलाला तपासतात, चर्चा होते आणि पुढच्या चोवीस तासांचे ठरते. कोणते औषध चालू ठेवायचे, कोणते बंद करायचे, ऑक्सिजन कमी करून पाहायचा का, पोटात काही द्यायचे का, हे दिवसातले बहुतेक निर्णय त्या काही मिनिटांत होतात.

अनेक ठिकाणी याच वेळी ‘नातेवाइकांनी बाहेर थांबा’ अशी हाक येते. परिणाम असा होतो की जी आई रात्रभर जागी होती, ती त्या रात्रीची हकीकत सांगितली जात असताना दाराबाहेर उभी असते.

पालकांना आत घेण्याची कल्पना कुठून आली?

एके काळी रुग्णालयांत पालकांना मुलाजवळ राहूच दिले जात नसे. काही ठिकाणी भेट आठवड्यातून थोड्याच वेळासाठी असे. ब्रिटनमध्ये 1959 साली प्लॅट समितीने आपल्या अहवालात पालकांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्यावे अशी शिफारस केली आणि तिथून ही भिंत ढासळू लागली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2003 मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले: राउंडची चर्चा मुलाच्या खोलीत आणि कुटुंबाच्या उपस्थितीत व्हावी, हीच नेहमीची पद्धत असावी, असे तिने सांगितले आणि 2012 मध्ये ती भूमिका पुन्हा मांडली.

भारतात याची सुरुवात नवजात बाळांच्या कक्षांतून झाली. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील अनुभवावर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2017 मध्ये काढली. त्यांत आई-वडिलांना हात धुण्यापासून काढलेले दूध पाजण्यापर्यंत, कांगारू पद्धतीने बाळाला छातीशी धरण्यापासून धोक्याची लक्षणे ओळखण्यापर्यंत शिकवून काळजीत सहभागी करून घ्यावे असे म्हटले आहे. तेव्हा ‘हे परदेशातले लाड आपल्याकडे कसे चालायचे’ या आक्षेपात फारसा अर्थ उरलेला नाही.

पालक हजर असल्याने मुलाला खरोखर फायदा होतो का, की फक्त समाधान मिळते?

समाधानही लहान गोष्ट नाही, पण प्रश्न रास्त आहे. उत्तर अमेरिकेतील 7 रुग्णालयांच्या बालरोग विभागांत राउंडची एक ठरावीक पद्धत बसवण्यात आली. तिच्यात कुटुंबाला आधी बोलू द्यायचे, साध्या भाषेत सांगायचे, ठरलेले त्यांच्याकडून परत वदवून घ्यायचे आणि सिस्टरांना चर्चेत सामील करायचे, असे नियम होते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांना इजा करणाऱ्या चुका सुमारे 38 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. एकूण चुकांची संख्या मात्र फारशी बदलली नाही आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. राउंडला लागणारा वेळही लक्षणीय वाढला नाही.

यातून माझा निष्कर्ष असा की पालकांना नुसते खाटेशेजारी उभे करून काही साधत नाही. त्यांची बोलण्याची पाळी ठरलेली असली पाहिजे.

मी डॉक्टर नाही. माझ्याकडे सांगण्यासारखे काय असणार?

आपले मूल एरवी कसे असते, हे वॉर्डात फक्त आपल्याला माहीत असते. मॉनिटर नाडीचे ठोके दाखवतो, ऑक्सिजनचे प्रमाण दाखवतो; पण ‘हा रोज सुई टोचली की हात हिसकावतो, आज नुसता बघत राहिला’ ही गोष्ट कोणत्याही यंत्रावर उमटत नाही. अशी मरगळ मोठ्या बिघाडाची पहिली खूण असू शकते आणि ती दिवसातून दोनदा मुलाला पाहणाऱ्या डॉक्टरांपेक्षा आईच्या आधी लक्षात येते.

राउंडला सांगण्याजोग्या गोष्टी साध्या असतात. शेवटची लघवी कधी आणि साधारण किती झाली, उलटी झाली का आणि तिचा रंग काय होता, झोप सलग लागली की मूल कण्हत होते, आवाज ओळखते का, घरी चालू असलेली औषधे कोणती. फिटचे औषध चालू असेल तर त्याची बाटलीच सोबत आणावी, कारण एकाच औषधाची सिरप वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात आणि ‘अडीच एमएल देतो’ एवढ्यावरून मात्रा कळत नाही. लहान मुलांची औषधे वजनावर ठरतात, म्हणून नुकतेच केलेले वजन माहीत असेल तर तेही सांगावे.

लघवीचे उदाहरण थोडे उलगडून सांगतो, कारण पालकांना ती क्षुल्लक वाटते. गंभीर आजारात शरीरात पुरेसे पाणी आणि रक्तप्रवाह आहे की नाही, याचा सर्वांत सोपा अंदाज लघवीवरून येतो. लहान मुलात सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे तासाला एक मिलिलिटर लघवी अपेक्षित धरतात. चौदा किलोच्या मुलाला सहा तासांत साधारण 84 मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या पेल्याच्या आसपास. डायपर असेल तर ओला आणि कोरा असे वजन करून फरक काढतात; एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर. पहाटे तीन वाजता आईने भिजलेला डायपर कचऱ्यात टाकला आणि सिस्टरांना सांगायचे राहून गेले, तर तक्त्यावर लघवी कमी दिसते आणि सकाळी डॉक्टर सलाइन वाढवण्याचा विचार करू लागतात. आईचे एक वाक्य तो हिशेब दुरुस्त करते.

ताप उतरला तरी डॉक्टर चिंतेत दिसतात. आमचे काही चुकते आहे का?

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंगीने आजारी पडलेल्या मुलांच्या पालकांना हा अनुभव नेहमी येतो. डेंगीत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि नेमका तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो: केशवाहिन्यांतून रक्तातील द्रव झिरपू लागतो, रक्त घट्ट होत जाते आणि क्वचित मूल शॉकमध्ये जाते, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त पोहोचत नाही. हा टप्पा बहुधा 24 ते 48 तासांचा असतो. म्हणून पालक ‘आता बरे आहे, घरी जाऊ का’ असे विचारतात, त्याच सकाळी राउंडला हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे रक्त किती घट्ट झाले ते दाखवणाऱ्या, आकड्यावर चर्चा चाललेली असते.

हे राउंडमध्येच समजावून सांगितले गेले, तर पालक घरी नेण्याचा आग्रह सोडतात आणि पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, बेचैनी किंवा सुस्ती, लघवी कमी होणे या खुणांवर स्वतःच नजर ठेवतात. प्लेटलेटच्या आकड्याभोवती वॉर्डात जी घबराट पसरते, तीही बरीच कमी होते.

डॉक्टर आपसांत इंग्रजीत बोलतात. आम्हाला काय कळणार?

वैद्यकीय चर्चा इंग्रजीत होणे गोव्यातही टळत नाही, कारण निवासी डॉक्टर निरनिराळ्या राज्यांतून आलेले असतात. पण चर्चेच्या शेवटी एका डॉक्टराने घरच्या भाषेत तीन गोष्टी सांगाव्यात, ही अपेक्षा मुळीच जास्तीची नाही: आज मूल कालच्यापेक्षा कसे आहे, आज काय करणार आहोत, आणि कशाची काळजी वाटते आहे. येथील वॉर्डात कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड या चारही भाषा लागतात. कोणती भाषा सर्वांत चांगली समजते, हे पालकांनी दाखल होतानाच सांगावे. समजले नाही तरी मान डोलावणे ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे; तिच्यामुळे डॉक्टरांना वाटते की समजले.

यावर उत्तम उपाय म्हणजे ठरलेले आपल्या शब्दांत परत सांगणे. ‘म्हणजे आज पेज द्यायची नाही, नळीतूनच दूध, आणि संध्याकाळी पुन्हा रक्त घेणार, बरोबर ना डॉक्टर?’ एवढे विचारले की गैरसमज जागीच उघडा पडतो.

जास्त प्रश्न विचारले तर डॉक्टर रागावतील आणि त्याचा परिणाम मुलाच्या उपचारांवर होईल, अशी भीती वाटते.

ही भीती खरी आहे आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. घाईच्या सकाळी एखादा डॉक्टर तुटकपणे बोलतो, हेही खरे. परंतु तुटक उत्तर आणि उपचारांतील कसूर या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. औषधाची मात्रा केसपेपरवर लिहिलेली असते आणि ती देणाऱ्या सिस्टरला राउंडला काय बोलणे झाले याच्याशी कर्तव्य नसते.

प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवावेत आणि सर्वांत महत्त्वाचे दोन-तीनच राउंडला विचारावेत. बाकीचे दुपारी निवासी डॉक्टरांना विचारता येतात. ‘आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाला दुसरे इंजेक्शन दिले होते’ अशी सुरुवात केली की संवाद बिनसतो. ‘हे औषध का निवडले ते सांगाल का’ असे विचारले तर बहुतेक डॉक्टर थांबून सांगतात.

वाईट बातमीही सर्वांसमोर, खाटेजवळच सांगतील का?

सांगू नये. मेंदूला झालेली कायमची इजा, कर्करोगाचे निदान, उपचारांनी आता उपयोग होत नसल्याची शक्यता, या गोष्टी राउंडच्या घोळक्यात, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक कान देऊन ऐकत असताना सांगण्याच्या नव्हेत. त्यासाठी वेगळी बसायची जागा, वरिष्ठ डॉक्टर, ओळखीची सिस्टर आणि पुरेसा वेळ हवा. मात्र पालक राउंडला रोज हजर असतील, तर ही बातमी त्यांच्यावर आभाळ कोसळावे तशी अचानक येत नाही. व्हेंटिलेटरचा आधार रोज वाढवावा लागतो आहे, हे त्यांनी स्वतः ऐकलेले असते.

मोठ्या वॉर्डात खाटा जवळजवळ असतात. घरगुती किंवा नाजूक माहिती, उदाहरणार्थ आईचे एखादे जुने दुखणे, राउंडला सांगायची नसेल, तर ‘हे मला वेगळे बोलायचे आहे’ एवढेच म्हणावे.

मुलाने स्वतः ही चर्चा ऐकावी का?

वय आणि स्वभाव पाहून. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारानुसार मुलाला आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वय व समज यांनुसार वजन द्यायचे असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला खाटेवर निजवून त्याच्या डोक्यावरून बोलत राहिले, तर ते अर्धवट शब्द पकडते आणि उरलेले मनाने रचते. त्याचे रचलेले बहुधा खऱ्याहून भयंकर असते. डॉक्टरांनी आधी मुलाला ‘तुला आज कसे वाटते’ असे विचारावे. ‘दुखणार नाही’ असे खोटे आश्वासन पालकांनी देऊ नये. पुढच्या सुईला मूल कोणाचेच ऐकत नाही.

वडील बोटीवर किंवा आखातात आहेत. त्यांना कसे सामील करावे?

गोव्यात हा प्रश्न नेहमीचा आहे. राउंड संपल्यावर निवासी डॉक्टरांच्या परवानगीने फोन किंवा व्हिडिओ कॉल लावता येतो. आधी सांगून ठेवले तर डॉक्टर बहुधा तयार असतात. न सांगता राउंड रेकॉर्ड करणे मात्र टाळावे, कारण त्यात शेजारच्या मुलांची माहितीही येते आणि ती नातलगांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरू लागते. बोट समुद्रात असेल आणि संपर्क होत नसेल, तर राउंडनंतर चार ओळी लिहून ठेवाव्यात, म्हणजे वडिलांना रोजची स्थिती क्रमाने वाचता येते.

आजी, काका, मामा सगळ्यांना माहिती हवी असते. कोणाला आत घेतात?

राउंडला बहुतेक ठिकाणी एका, फार तर दोघांना थांबू देतात आणि ते योग्यच आहे. अतिदक्षता विभागात गर्दीबरोबर जंतुसंसर्गही येतो. घरातील एकच व्यक्ती डॉक्टरांशी बोलेल आणि बाकीच्यांना तीच सांगेल, असे ठरवावे. तीन नातलगांनी तीन वेळा तोच प्रश्न विचारला की उत्तरांत बारीक फरक पडतात आणि त्यांतून अविश्वास वाढतो. ती व्यक्ती शक्यतो आईच असावी. बाहेरून आलेला शिकलेला काका पुढे होतो आणि रात्रभर मुलाजवळ बसलेली आई मागे उभी राहते, हे चित्र फार वेळा दिसते. अशा वेळी डॉक्टरांनी मुद्दाम आईकडे वळून विचारावे.

अतिदक्षता विभागात आम्हाला प्रवेशच नाही म्हणतात. मग?

कोणत्या वेळी, किती मिनिटे आणि कोणत्या अटींवर आत येता येईल, हे विचारावे. हात धुणे, गाऊन, चप्पल बाहेर ठेवणे हे नियम पाळण्याची तयारी दाखवली की पुष्कळदा मार्ग निघतो. राउंडला थांबू देत नसतील, तर राउंड झाल्यावर रोज ठरावीक वेळी एक डॉक्टर बाहेर येऊन बोलेल अशी विनंती करावी. तेवढेही न करणाऱ्या विभागाला पालकांनी नम्रपणे पण पुन्हा पुन्हा विचारावे, असे माझे मत आहे.

देवाचा अंगारा किंवा ग्रामदेवतेचा दोरा मुलाला बांधू देतात का?

विचारून. उशाखाली कागदात बांधून ठेवलेल्या अंगाऱ्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. मनगटाचा दोरा सलाइनच्या सुईच्या पट्टीखाली दबला आणि हात सुजला तर तो काचतो आणि रक्तप्रवाह अडवू शकतो, म्हणून सिस्टर तो काढायला सांगतात. तोंडात काहीही घालू नये, तीर्थाचा थेंबसुद्धा. उपाशी ठेवलेल्या किंवा नळी घातलेल्या मुलाच्या श्वासनलिकेत तो जाऊ शकतो.

राउंड उद्या आहे, पण मूल आताच बिघडले आहे असे वाटते. काय करावे?

राउंडची वाट पाहू नये. सिस्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे: ‘हे नेहमीसारखे नाही, डॉक्टरांना आता बोलवा.’ ते आले नाहीत तर ड्युटीवरील वरिष्ठ डॉक्टरांना बोलावण्याची मागणी करावी आणि किती वाजता सांगितले ते लिहून ठेवावे. इंग्लंडमध्ये 2021 साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी रुग्णालयात सेप्सिसने, म्हणजे शरीरभर परिणाम करणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गाने, दगावली. आई-वडील वारंवार काळजी व्यक्त करत होते, पण तिला वेळेत अतिदक्षता विभागात हलवले गेले नाही. वेळेत हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्यानंतर 2024 पासून तिथल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला, ज्यानुसार कुटुंबाला दुसऱ्या चमूकडून तातडीने तपासणी मागता येते. आपल्याकडे असा नियम नसला, तरी मागणी करण्यापासून पालकांना कोणी रोखलेले नाही.

निर्णय आमच्यावर टाकून डॉक्टर मोकळे होतात का?

राउंडमध्ये सहभागी होणे म्हणजे अँटिबायोटिक निवडणे नव्हे. कोणते औषध, किती मात्रा, व्हेंटिलेटर कसा लावायचा, ही डॉक्टरांची जबाबदारी असते आणि ती त्यांच्याकडेच राहायला हवी. पालकांचे मत निर्णायक ठरते ते जिथे एकाहून अधिक मार्ग वैद्यकीयदृष्ट्या मान्य असतात तिथे: शस्त्रक्रिया आता की महिनाभराने, गळ्यात नळी बसवून घरी न्यायचे की रुग्णालयातच ठेवायचे. अशा वेळी ‘तुम्ही काय ते ठरवा’ असे डॉक्टर म्हणाले, तर ‘तुमचा सल्ला काय आणि का’ असे विचारण्यात काहीच गैर नाही. ज्या आईला चर्चा ऐकणे सोसत नाही, तिने बाहेर थांबून नंतर थोडक्यात ऐकले तरी तिची माया कमी ठरत नाही.

खर्चाचा विषय राउंडला काढावा का?

शक्यतो नको. तो समाजसेवा अधिकाऱ्यांकडे किंवा बिलिंगच्या खिडकीवर स्वतंत्रपणे विचारावा. गोव्याच्या रहिवाशांसाठी 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही सरकारी आरोग्य विमा योजना आहे; गोव्याबाहेरच्या रुग्णांसाठी शुल्काचे नियम वेगळे असल्यामुळे सिंधुदुर्गातील पालकांनी दाखल होतानाच चौकशी करावी. एखादे महागडे औषध परवडणार नसेल, तर ते मात्र डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण पर्याय तेच सुचवू शकतात.

केसपेपरची प्रत किंवा दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागितले तर चालते का?

चालते. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातलगाने मागणी केल्यावर कागदपत्रे 72 तासांत द्यायची असतात. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी. दुसरे मत घेताना डिस्चार्ज कार्डाबरोबर तपासण्यांचे आकडे तारखेच्या क्रमाने नेले, तर नव्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

घरी सोडायच्या दिवशीच्या राउंडला काय विचारावे?

कोणते औषध किती दिवस आणि मात्रा एमएलमध्ये किती, हे सिरिंजवर खूण करून घ्यावे. घरच्या चमच्यांची मापे भरवशाची नसतात. काय झाले तर परत आणायचे, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा आणि गावातून 108 ची रुग्णवाहिका पोहोचायला किती वेळ लागतो, हे तिथेच बोलून घ्यावे. पुढची तपासणी चवथीच्या दिवसांत येत असेल तर ती तारीख आधीच बदलून घ्यावी, कारण त्या दिवसांत बसेसची आणि ओपीडीची वेळापत्रके बदलतात.